कंसातली दोन नावे

कॅसेटच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय मला १९८९ साली लागली. मी तेव्हा माटुंग्याला कॉलेजात होतो आणि शनिवार-रविवारी एका ऑर्केस्ट्रात साइड ऱ्हिदम वाजवत होतो, म्हणजे ढोलकीवाल्याच्या शेजारी उभे राहून खंजिरी, मरकस, घुंगरू, जे हाती दिले जाईल ते. त्या वर्षी सिम्पली रेड या इंग्लिश बँडचे 'इफ यू डोन्ट नो मी बाय नाऊ' हे संथ गाणे आमच्या कट्ट्यावर फार गाजत होते. पैसे जमवून काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमधून मी ती कॅसेट आणली आणि घरी आल्यावर पाहिले, तर त्या गाण्याच्या नावापुढे कंसात, गाणे रचणाऱ्याच्या जागी, 'गॅम्बल हफ' असे छापलेले होते. मला तो एकच माणूस वाटला. माझ्या आत्याला लक्ष्मीकांत-प्यारेलाल हे कित्येक वर्षे एकाच माणसाचे नाव आणि आडनाव वाटत होते, त्यामुळे हा दोष आमच्या घराण्यातलाच म्हणायचा.

मूळ गाणे १९७२ चे, हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स या गटाचे. ते मी प्रथम ऐकले दादरच्या एका काकांकडे. काकांनी तीसेक वर्षे फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवले होते आणि निवृत्तीनंतर त्यांच्या खोलीत पलंग, व्हायोलिनची पेटी आणि फोर्टच्या पदपथावरून जमवलेल्या रेकॉर्डी एवढेच उरले होते. त्या गटाचा गायक टेडी पेंडरग्रास याचा तो घोगरा, आर्जवी आवाज ऐकून मी तोंडाने 'वा' म्हणालो, तेव्हा काका म्हणाले, "गायकाला सोड रे. मागे काय चाललंय ते ऐक." तेव्हापासून मी मागे काय चालले आहे तेच ऐकत आलो आहे, आणि पुढे ढोलकी आणि डफ हीच माझी रोजीरोटी झाल्यामुळे ते ऐकणे हा माझ्या धंद्याचाही भाग झाला.

गॅम्बल आणि हफ ही दोन माणसे निघाली. केनेथ गॅम्बल यांचा जन्म १९४३ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. लिऑन हफ त्यांच्यापेक्षा वर्षाने मोठे, जन्म कॅमडेनचा. कॅमडेन हे गाव डेलावेअर नदीच्या पलीकडे, फिलाडेल्फियाच्या अगदी समोर, पण दुसऱ्या राज्यात. खाडीपलीकडच्या वाशीसारखे, फक्त मध्ये राज्याची सीमा आहे असे समजावे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोघेही फिलाडेल्फियाच्या ब्रॉड स्ट्रीटवरील शुबर्ट बिल्डिंगमध्ये, वेगवेगळ्या मजल्यांवरच्या वेगवेगळ्या लोकांसाठी गाणी करत होते, आणि त्यांची ओळख त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये झाली. मग गॅम्बल नदी ओलांडून हफ यांच्या घरी गेले, दोघे पियानोपाशी बसले आणि पहिल्याच बैठकीत अनेक गाणी तयार झाली. हफ तोवर न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत पियानोवादक म्हणून काम करून आलेले होते, आणि गॅम्बल स्वतः गात असत. त्यांचा रोमिओज नावाचा बँड होता.

आपल्याकडे संगीतकार आणि गीतकार चालीसाठी एकत्र बसतात त्याला स्टुडिओच्या भाषेत 'सिटिंग' म्हणतात. बहुधा संगीतकार पेटीवर चाल ऐकवतो, गीतकार डमी शब्दांवर बोटे मोजत मीटर पकडतो आणि दोन दिवसांनी शब्द घेऊन येतो. गॅम्बल-हफ यांच्या सिटिंगमध्ये हे दोन दिवस नव्हते. हफ पियानोवर एखादी स्वरावली फिरवत राहायचे, गॅम्बल त्यावर तिथल्या तिथे शब्द म्हणायचे, आणि शेजारी टेपरेकॉर्डर चालू असायचा. शब्दांनी चाल वळवली की चालीने शब्द वळवले, हे त्या टेपवरूनही सांगता आले नसते असे मला वाटते. शिवाय हे दोघे आपल्या गाण्यांचे प्रोड्यूसरही होते. या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर पैसे घालणारा माणूस येतो. तिकडे मात्र गाणे कोणी गायचे, कोणत्या पट्टीत, कोणाच्या अरेंजमेंटवर, लय किती, कोणता टेक ठेवायचा आणि मिक्समध्ये काय वर आणायचे हे ठरवणारा तो प्रोड्यूसर. आपल्याकडे हे काम संगीतकार, अरेंजर, रेकॉर्डिस्ट आणि कधीकधी निर्मात्याचा मेहुणा यांच्यात वाटले जाते.

या जोडीचे पहिले मोठे यश १९६७ चे, सोल सर्व्हायव्हर्स या गटाने गायलेले 'एक्स्प्रेसवे टू युवर हार्ट'. फिलाडेल्फियाचा स्कूकिल एक्स्प्रेसवे तुंबण्याबद्दल प्रसिद्ध आहे, त्यावर गॅम्बल गाडीत अडकून पडले आणि तिथेच गाणे सुचले. गाण्याची सुरुवातच गाड्यांच्या हॉर्नने होते. हे गाणे मी एकदा पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपरला अडकलेल्या बसमध्ये हेडफोनवर लावले होते, आणि पहिले काही सेकंद गाणे सुरू झाले आहे हेच मला कळले नाही.

१९७१ मध्ये दोघांनी फिलाडेल्फिया इंटरनॅशनल रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि वितरणासाठी सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. रेकॉर्डिंग मात्र बहुतेक एकाच ठिकाणी होत असे, नॉर्थ ट्वेल्फ्थ स्ट्रीटवरच्या सिग्मा साउंड स्टुडिओत. तो जो टार्सिया या रेकॉर्डिस्टने १९६८ मध्ये सुरू केला होता, आणि चोवीस ट्रॅकचे यंत्र आणणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या काही स्टुडिओंपैकी तो एक होता. वादकही बहुतेक तेच ते असत: ड्रम्सवर अर्ल यंग, बेसवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस, रोलंड चेंबर्स आणि बॉबी इलाय, व्हायब्राफोनवर व्हिन्स मोंटाना, काँगावर लॅरी वॉशिंग्टन, आणि डॉन रेनाल्डो यांनी जमवलेला तंतुवाद्यांचा आणि ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या फुंकवाद्यांचा, ताफा. तीसहून अधिक जणांच्या या ताफ्याला एमएफएसबी असे नाव दिले गेले, म्हणजे मदर, फादर, सिस्टर, ब्रदर. वादकांमध्ये या चार अक्षरांचे आणखी एक, घरात न सांगण्यासारखे रूप प्रचलित होते, यावरूनही ते खरे वादक होते हे पटते.

त्यानंतरची दोन वर्षे या लोकांना सगळे साधत होते. १९७२ च्या डिसेंबरमध्ये बिली पॉल या जॅझ गायकाचे 'मी अँड मिसेस जोन्स' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. (आपल्या लिपीत लिहिले की त्यातला पहिला शब्द मराठीच वाटतो, आणि अर्थही फारसा बिघडत नाही.) ऑफिसच्या इमारतीतल्या बारमध्ये ठरावीक वेळी भेटून निघून जाणारे एक जोडपे या दोघांनी पाहिले होते, त्यावरून ते गाणे झाले. १९७३ च्या मार्चमध्ये ओजेज या गायकगटाचे 'लव्ह ट्रेन' पहिले आले, आणि १९७४ मध्ये तर खुद्द एमएफएसबीचे जवळजवळ शब्दांवाचूनचे 'टीएसओपी'. ते 'सोल ट्रेन' या दूरदर्शन कार्यक्रमाचे शीर्षकसंगीत होते, पण कार्यक्रमाचे नाव गाण्याला द्यायला त्याचे कर्तेधर्ते डॉन कॉर्नेलियस तयार झाले नाहीत, म्हणून 'द साउंड ऑफ फिलाडेल्फिया' याची आद्याक्षरे घेतली गेली. शहराच्या नावाने आवाज ओळखला जाऊ लागला तो असा, एका नकारामुळे.

त्याच शहरात, त्याच स्टुडिओत आणि बहुतांशी त्याच वादकांना घेऊन टॉम बेल हे तिसरे गृहस्थ डेलफोनिक्स आणि स्टायलिस्टिक्स या गटांची फार नाजूक गाणी करत होते. गाण्यांच्या हक्कांच्या व्यवसायात ते गॅम्बल-हफ यांचे भागीदारही होते. त्यांच्या काही गाण्यांत इलेक्ट्रिक सतार आहे. आपल्या कानाला ती सतार वाटत नाही, तार जरा जास्त ताणलेल्या मेंडोलिनसारखी वाटते, पण गोड लागते. बेल यांच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवे.

मला लिहायचे आहे ते ड्रमवाले अर्ल यंग यांच्या उजव्या हाताबद्दल आणि डाव्या पायाबद्दल.

सिग्मामध्ये आधी ऱ्हिदम सेक्शनचे रेकॉर्डिंग होई, व्हायोलिन आणि ब्रास नंतर चढवले जाई. व्हायोलिनवाल्यांसाठी अरेंजरने लिहिलेले नोटेशन असे, पण ऱ्हिदमवाल्यांसमोर बहुधा फक्त कॉर्ड लिहिलेला कागद असे, आणि त्या कॉर्डांमधून चाल कशी चालवायची हे खोलीत बसलेल्या त्या पाच-सात जणांनी वाजवत वाजवत शोधायचे. हे मला मुद्दाम समजून घ्यावे लागले नाही. मुंबईत मी ज्या ज्या स्टुडिओत वाजवले तिथे व्हायोलिनवाल्यांच्या स्टँडवर कागद असायचे आणि आम्हाला तोंडी सांगितले जायचे, 'मुखड्याला बंद ठेवा, अंतऱ्याला जरा उघडा वाजवा.' त्या 'जरा'मध्ये काय भरायचे ते आमच्यावर सोपवलेले असे.

१९७३ मध्ये ब्लू नोट्सचे 'द लव्ह आय लॉस्ट' हे गाणे असेच त्या खोलीत आले. प्रेम हरवल्याचे गाणे ते, त्यामुळे ते संथ बॅलड म्हणूनच बांधलेले होते, आणि त्या चालीत ते काही केल्या उठेना. मग लय वाढवली गेली. यंग यांनी किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, प्रत्येक मात्रेवर सरळ ठेवला, एक, दोन, तीन, चार, मध्ये कुठेही खळ नाही. आणि दोन मात्रांच्या बरोबर मध्ये हाय-हॅटच्या झांजा पायाने किंचित उघडून, काठीने मारून, पुढच्या मात्रेवर लगेच मिटवल्या. धप्-त्स, धप्-त्स. ज्यांना डिस्कोचा ठेका माहीत आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही, आणि गंमत तीच आहे, कारण तेव्हा डिस्को हा प्रकार अजून घडत होता आणि पुढे जगभरच्या डिस्को गाण्यांत जो ठेका ऐकू आला त्याचे मूळ शोधणारे बहुतेक जाणकार या रेकॉर्डवर येऊन थांबतात. ती झांज उघडते तेव्हा जणू कोणी श्वास आत घेते. वरती टेडी पेंडरग्रास विरहाने व्याकूळ झालेला आहे आणि खाली पाय नाचतो आहे. दुःखी गाण्याला हा ठेका लावण्याचे धाडस मात्र गॅम्बल-हफ यांचेच. कागदावर बॅलड लिहिलेले असताना ते बाजूला ठेवून खोलीत जे घडते आहे तिकडे कान देणे सगळ्यांना जमत नाही. मी असे संगीतकार पाहिले आहेत, जे लिहिलेल्या लयीसाठी अख्खी शिफ्ट वाया घालवतात.

आता त्या रेकॉर्डच्या लेबलावरचा कंस पाहावा. त्यात दोनच नावे आहेत, गॅम्बल आणि हफ. शब्द आणि चाल त्यांची, म्हणून गाणे त्यांचे, हा कायद्याचा हिशोब झाला. ठेक्याला कायदा काही समजत नाही. आपल्याकडे निदान तोंडी परंपरा तरी अशी आहे की शंकर-जयकिशन यांच्याकडे ऱ्हिदम बसवणारे दत्ताराम वाडकर यांनी ढोलकवर जो ठेका रूढ केला त्याला वादक आजही 'दत्तू ठेका' म्हणतात. नव्या मुलाला 'इथे दत्तू लाव' म्हटले की तो लावतो, दत्तू कोण ते त्याला ठाऊक नसले तरी. हा काही पैसा नाही, पण नाव आहे.

गॅम्बल-हफ यांना हे समजत नव्हते असे म्हणावे, तर 'फॉर द लव्ह ऑफ मनी' आडवे येते. ओजेजच्या या गाण्याची सुरुवात एकट्या बेस गिटारने होते. अँथनी जॅक्सन नावाच्या, वीस-एकवीस वर्षांच्या वादकाने ती ओळ वाहवाह पेडल लावून वाजवली, त्या आवाजाला मिक्समध्ये आणखी भोवरा दिला गेला, आणि ती ओळ काढून घेतली तर गाणे उरतच नाही अशी स्थिती झाली. त्या गाण्याच्या कंसात तीन नावे आहेत: गॅम्बल, हफ, जॅक्सन. म्हणजे बेसच्या ओळीला गाण्यात वाटा असू शकतो हे त्यांनी मान्य केले होते. मग हाय-हॅटला का नसावा? बेसची ओळ गुणगुणता येते, स्वरलिपीत लिहिता येते, तिला चाल म्हणता येते. धप्-त्सला चाल म्हणता येत नाही, एवढाच काय तो फरक. मला हा फरक पटत नाही, पण मी डफ वाजवतो, तेव्हा माझे मत निःपक्षपाती समजू नये.

पक्षपाताचे कारण सांगून टाकतो. वीसेक वर्षांपूर्वी अंधेरी पश्चिमेच्या एका तळमजल्यावरच्या स्टुडिओत मी गणपतीच्या एका गाण्यासाठी बसलो होतो. गाणे बरे होते, पण मुखडा संपून पुन्हा मुखड्यावर येताना मध्ये दोन आवर्तनांची पोकळी राहत होती आणि कीबोर्डवर काहीही भरले तरी ते नकली वाटत होते. दुपारचे जेवण झाले होते, सगळे सुस्तावले होते. मी डफ मांडीवर आडवा टाकून, एका हाताच्या बोटांनी काठावर आणि दुसऱ्या तळव्याने मध्यावर, नुसता वेळ घालवायला एक तुकडा वाजवत होतो, समेच्या अर्धी मात्रा आधी सुटणारा. काचेच्या आतून आवाज आला, 'तेच ठेवा.' दोन टेकमध्ये ते झाले. शिफ्टचे पैसे त्याच संध्याकाळी मिळाले, पूर्ण मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. कॅसेट आली तेव्हा वेष्टनावर माझे नाव नव्हते. फोन केला तर उत्तर मिळाले की वादकांची नावे छापायला जागा नव्हती. त्याच वेष्टनावर पेढ्यांच्या एका दुकानाची जाहिरात होती. गाण्याची चाल आज कोणाला आठवत नाही. तो तुकडा मात्र राहिला आहे, भाद्रपद आला की लालबाग-परळच्या बँजो पार्ट्या तो कुठल्याही गाण्याच्या मध्ये घालतात.

फिलाडेल्फियातही शेवटी गणित पैशावरच बिनसले. १९७५ च्या सुमारास व्हिन्स मोंटाना न्यूयॉर्कच्या साल्सोल कंपनीकडे गेले आणि तिथे त्यांनी कंपनीच्याच नावाने साल्सोल ऑर्केस्ट्रा उभा केला. मानधनाबद्दल नाराज असलेले बेकर, हॅरिस आणि यंगही तिकडे वाजवू लागले. गॅम्बल-हफ यांनी डेक्स्टर वॅन्सेल यांच्यासारखी नवी माणसे घेऊन काम चालू ठेवले, १९७६ मध्ये लू रॉल्सचे 'यू विल नेव्हर फाइंड अनदर लव्ह लाइक माइन' दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेले, मायकेल जॅक्सन आणि त्याच्या भावांचे दोन अल्बम केले. ही गाणी वाईट मुळीच नाहीत. पण १९७३ ची रेकॉर्ड आणि १९७७ ची रेकॉर्ड एकामागोमाग एक लावून पाहावी: दुसरीत सगळे जागच्या जागी असते, फक्त कोणी आपल्या मनाने काही घातले आहे असे वाटत नाही. माझा असा समज आहे की त्या दोघांची खरी प्रतिभा योग्य खोलीत योग्य माणसे बसवून त्यांच्यापुढे जवळजवळ कोरा कागद ठेवण्यात होती, आणि त्या कोऱ्या कागदाची किंमत किती हे त्यांनी वेळेवर मोजले नाही.

त्यांचा कान नेहमीच बरोबर असे असेही नाही. 'मी अँड मिसेस जोन्स'च्या पाठोपाठ बिली पॉलचे कोणते गाणे आणायचे यावर वाद झाला, आणि गायकाचा विरोध असताना कंपनीने वंशाभिमानाचे एक रोखठोक गाणे पुढे केले. ते चालले नाही, आणि त्याची किंमत बिली पॉलने पुढे बरीच वर्षे मोजली. गाणे म्हणून मला ते आवडते. पण दर शनिवारी प्रेमगीत मागणाऱ्या श्रोत्यांसमोर उभे राहायचे होते ते गायकाला.

२००८ मध्ये गॅम्बल आणि हफ यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मानाचे स्थान मिळाले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या त्यांच्या कंपनीच्या इमारतीला २०१० मध्ये आग लावली गेली आणि पुढे ती पाडण्यात आली. दादरचे काका त्याच्या आधीच गेले. त्यांच्या मुलाने रेकॉर्डी मला दिल्या. ब्लू नोट्सची ती रेकॉर्ड आता 'द लव्ह आय लॉस्ट'च्या मध्यावर एकदा उडी मारते, पण ठेका इतका सरळ आहे की उडीनंतरही मात्रा बरोबर येते.

गेल्या अनंत चतुर्दशीला मी परळच्या नाक्यावर मिरवणूक पाहत उभा होतो. एका मंडळापुढे बँजो पार्टी होती, टेम्पोवर कीबोर्ड, दोन ताशे, आणि ऑक्टोपॅडवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर, सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा. गाण्याच्या मध्ये पोकळी आली आणि त्यांनी माझा तुकडा घातला. अर्धी मात्रा आधी, बरोबर तिथेच. या वेळी त्याच्या खाली आणखी काही होते. त्या मुलाने पॅडवर किक सरळ धरली होती आणि दोन मात्रांच्या मध्ये ती झांज उघडत होती, धप्-त्स, धप्-त्स, आणि वर माझा डफ. टेम्पो सिग्नलला थांबला तेव्हा मी पुढे जाऊन त्याला विचारले की ही हाय-हॅट तुला कोणी शिकवली. त्याने घाम पुसत माझ्याकडे पाहिले.

"शिकवली नाही काका, पॅडमध्ये आधीपासूनच आहे."

"आणि वरचा तो डफ?"

"तो पण," तो म्हणाला, आणि टेम्पो पुढे सरकला.